गेटावरच्या खुर्च्या

"ऊठ आणि चालू लाग!" असं प्रेषित डॉक्टर इंद्रजीत माईकमध्ये ओरडला आणि चार हजार माणसांदेखत वच्छलासिस्टर चाकाच्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मैदान दणाणलं. बायका हमसून रडू लागल्या, कीबोर्डवाल्याने सूर चढवला. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर एक नगरसेवक बसले होते. मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका बाबांच्या पाया पडताना त्यांचा फोटो पेपरात आला होता. तेही टाळ्या वाजवायला उभे राहिले.

चमत्कार तर झाला होता. अडचण एवढीच होती की अर्ध्या तासापूर्वी सिस्टर रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी चालत मैदानात आल्या होत्या.

सभा सोलापुरात होती आणि सिस्टरही तिथल्याच. दुष्काळात पोरक्या झालेल्या त्यांच्या आजीला मिशनने वाढवलं, वाचायला शिकवलं. पेटी-तबल्यावर ओवीच्या चालीत म्हटलेली ख्रिस्ती गीतं ऐकत सिस्टर मोठ्या झाल्या आणि मिशनच्याच जुन्या दवाखान्यात त्यांनी अडतीस वर्षं नर्सगिरी केली. प्रभूवर त्यांचा विश्वास पक्का होता, तितकाच जंतूंवरही. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, "प्रार्थना जरूर कर, पण आधी सुई उकळ." हा क्रम सिस्टरनी कधी मोडला नाही. आता गुडघे झिजले होते. डुलत चालायच्या, पण चालायच्या.

त्यांच्या गल्लीत गौरम्मा राहायची. तिच्या अकरा वर्षांच्या भुवनेश्वरीला सातव्या वर्षापासून शुगर होती. अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सुई. ती टोचायला गौरम्माला सिस्टरनीच शिकवलं होतं. घरात फ्रीज नव्हता, म्हणून औषधाची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात गार ठेवायची युक्तीही त्यांचीच. चार वर्षं ती पोरगी त्या मडक्यावर जगत होती.

प्रेषिताची पोस्टरं लागली तशी गौरम्मा विचारायला आली. "सिस्टर, तुमच्या देवाचा मानूस आलाय म्हनं. तीन दिस सभा हाय. भुवीला न्यू का?"

"ने की. प्रार्थनेनं कुणाचं वाईट होत नाही. पण सुई चुकवायची नाही."

"न्हाय चुकवत."

तरी मनात शंका होतीच, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सिस्टर स्वतःही गेल्या. गेटावर चाकाच्या नव्याकोऱ्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या. पांढऱ्या साडीतली एक सेविका लगबगीने पुढे आली.

"आई, गुडघे दुखतात का हो? उभ्या कशाला राहता? बसा ना, थेट पुढं नेते."

अडतीस वर्षं सिस्टर दुसऱ्यांनाच असल्या खुर्चीत बसवत आल्या होत्या. त्यांना कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि त्या बसल्या. त्यांचा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

खुर्ची पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि सरळ स्टेजवर चढली. प्रेषित तेव्हा ऐन भरात होता. आजारांना तो तलाठ्याने खातेदार पुकारावेत तसा नावानिशी पुकारत होता. "मधुमेहा, चालता हो! ब्लडप्रेशर, खाली उतर! मुतखड्या, मी तुला आज्ञा करतो, फूट!" मग त्याने सिस्टरपुढे माईक धरला.

"किती वर्षं झाली, आई?"

"कशाला?"

"दुखण्याला!"

"सात झाली असतील, पण मी..."

"सात वर्षं!" माईक केव्हाच त्याच्या तोंडाशी परत गेला होता. "सात वर्षं ही माउली खुर्चीला खिळून होती! ऊठ!"

'अहो, मी चालतच आलेय' हे ठणकावून सांगायला सिस्टर ताडकन उठल्या. ते त्यांनी सांगितलंही, पण कीबोर्डच्या गजरात ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. दोन सेविकांनी त्यांना दंडाला धरून स्टेजभर नाचवलं. त्याचा परिणाम असा झाला की शनिवारी गुडघे भोपळ्यासारखे सुजले आणि दैवी कृपेने बऱ्या झालेल्या सिस्टर दिवसभर खाटेवरून उठू शकल्या नाहीत.

रविवारी चर्चही चुकलं. दुपारी भिंतीला धरून कशाबशा त्या गौरम्माच्या दारी पोचल्या. दाराला कुलूप. शेजारची शांतम्मा उंबऱ्यात विड्या वळत बसली होती.

"सकाळच्यानं मैदानात हायती की ती दोघी. पोरगी रातभर वकायलीय, पानी पानी करायलीय. गौरम्मा म्हनती, रोग भायेर पडायलाय."

"आणि सुई?"

"ते मडकं काय, तितं." शांतम्माने विडीनेच दाखवलं. मडकं ओट्यावर पालथं पडलं होतं आणि वाळू सगळीकडे सांडली होती.

त्यांनी रिक्षातूनच अँब्युलन्सला फोन केला. मैदानात सगळ्यात मागे, पत्र्याच्या कुंपणाकडेला, खरे आजारी बसवले होते. लकवा झालेला एक माणूस खाटेवर होता, पोलिओने पाय गेलेली एक बाई पोत्यावर. ज्यांना खरंच उठता येत नाही अशांपैकी एकही जण तीन दिवसांत स्टेजजवळ पोचला नव्हता. त्यांच्यातच गौरम्मा होती. मांडीवर भुवी, डोळे अर्धे मिटलेले. श्वास खोल आणि भराभर चाललेला, तोंडाला सडक्या फळाचा वास. इन्सुलिन तुटलेल्या रोग्याचा तो वास सिस्टरना ओळखीचा होता.

"सुई कधी बंद केलीस?"

"शुक्रवारी. तुमी उटल्यावर."

"अगं, मी चालत आले होते. उचल पोरीला. अँब्युलन्स बोलावलीय."

"खोटं नगा बोलू! मी माज्या डोळ्यांनं बगितलंय. तुमाला देवानं दिलं, आता माज्या पोरीची पाळी आली तर आडवं का येताव?" तिने भुवीला घट्ट आवळून धरलं. सिस्टर ओढू लागल्या तशा दोन सेविका मधे आल्या. "हात लावू नका. आजार अंगातून निघतोय."

"अव्वा, नीरु," भुवी पुटपुटली. ती पाणी मागत होती.

सिस्टरनी गौरम्माची हनुवटी धरून तिचं तोंड गेटाकडे वळवलं. "तुझ्या डोळ्यांवर विश्वास आहे ना? मग बघ तिकडं."

रिक्षातून हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी सुनेबरोबर उतरली. एका हातात पिशवी, कडेवर नातू. थोडं लंगडत गेटापर्यंत चालत आली. सेविका धावली. "आजी, उभ्या कशाला राहता? बसा ना!" म्हातारी लाजत बसली, नातू सुनेकडे गेला, खुर्ची गर्दीतून पुढे निघाली. बराच वेळ दोघी बघत राहिल्या. मग लाउडस्पीकर गरजला, "बारा वर्षं! बारा वर्षं ही आजी खुर्चीला खिळून होती! ऊठ!" आणि स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर हिरवं लुगडं उभं राहिलं.

"ती तर चालत आली की," गौरम्मा म्हणाली. मग तिने मांडीवर बघितलं. "अय्यो!"

हे पटायला वीस मिनिटं लागली. भुवीकडे ती नव्हती. अँब्युलन्स भाविकांच्या बसगाड्यांमागे अडकून पडली होती. दवाखान्यात सलाइन लागेपर्यंत पोर गेली.

सिस्टरनी पोलिसांत अर्ज दिला. चौकशी चालू आहे म्हणतात. प्रेषिताकडून निरोप आला की आईचा विश्वास कमी पडला. हे यंत्र असं बनवलेलं आहे. माणूस उठला तर प्रेषिताची शक्ती, मेला तर आईची चूक. याला धर्म म्हणणाऱ्यांनी एकदा गौरम्माच्या ओट्यावरची ती वाळू बघून यावी.

पुढच्या महिन्यात कुर्डुवाडीला प्रेषिताची सभा लागली. दोघी सकाळच्या गाडीने निघाल्या. अर्धी वाट सरल्यावर गौरम्माने विचारलं, "सिस्टर, तुमी का बसलाव त्या खुर्चीत?"

"पाय दुखत होते गं," सिस्टर म्हणाल्या आणि रडू लागल्या. गौरम्मा खिडकीबाहेर बघत राहिली.

गेटावर त्याच खुर्च्या, तशीच रांग. गौरम्मा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला सांगू लागली.

"पायानं आलाव न्हवं? मग बसू नगा. देवाला हात जोडा, कोन नको म्हनतंय? पर गोळी बंद करू नगा, सुई बंद करू नगा. उटनारा कसा आला, ते आदी बगा. मी न्हाय बगितलं. माजी पोरगी गेली."

काहींनी तिला वेडी ठरवलं. दोघी-तिघी बसता बसता थांबल्या आणि पायीच आत गेल्या. दुपार कलली तेव्हा पांढऱ्या साडीतली एक सेविका गौरम्माजवळ आली. तिने तिला ओळखलं नव्हतं. "आई, सकाळपासून उभ्या आहात," ती गोड आवाजात म्हणाली, "पाय दुखत असतील. बसा ना."

गौरम्माचे पाय खरंच दुखत होते.

"न्हाय," ती म्हणाली, "मी चालत आलेय. चालतच जाईन."