आदिमानव धरणगावला जातो

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात माझ्या पँटचं वरचं बटण लागेना, तेव्हा मी आदिमानव व्हायचं ठरवलं. रविवारच्या पुरवणीत तसा लेखच आला होता: धान्य बंद, आणि ताटात प्रथिनं, चरबी, कंद-फळं यांचा तोल हवा. ते कात्रण खिशात घालून, बायकोला बरोबर घेऊन मी भुसावळजवळच्या दीपनगरहून धरणगावला थोरल्या बहिणीकडे, बेबाअक्काकडे, भरीत खायला गेलो.

शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली होती. जाळावर भाजलेलं, म्हणजे आदिमानवाचंच जेवण! अक्कानं भाकरी वाढायला घेताच मी ताटावर हात आडवा धरला. पुढचं सोपं होतं. भरितातले शेंगदाणे मी प्रथिनांत धरले, वर तरंगणारं तेल चरबीत आणि वांगं कंद-फळांत. दर वेळी यातलं काहीतरी कमी पडायचं, म्हणून तोल साधायला मी पुन्हा भरीत घ्यायचो. अखेर तोल साधला तेव्हा पातेलं खरवडून झालं होतं, आणि बाकीची चार माणसं ठेच्याशी भाकरी खात होती.

अक्कानं कात्रण मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तो मानूस शिकारना मांगे दिनभर पये. तू कोना मांगे पयस?"

मी "एसटीच्या मागे पळतो" म्हणणार होतो. तेवढ्यात समोर ठेचा खात बसलेल्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. सकाळी भुसावळच्या स्टँडवर गाडी लागली, तेव्हा जागा धरायला मी तिलाच पळवलं होतं.