नाही उठणार!

मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. रंग हिरवा, डावा हात किंचित डगमगता, आणि वर-खाली होताना माझ्या पोटातून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आवाज येतो. हसायचं तर हसा, मित्रांनो. पण निकामी म्हणालात तर ऐकून घेणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा थाट काही और होता. काचेच्या दारांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं राबले. डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "हिने एक दिवस रजा घेतलेली नाही." मग नवी पांढरी खुर्ची आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर झाडू आणि बादल्या ठेवू लागले. दोन वर्षं मी तो अपमान गिळला.

एक दिवस एक निवृत्त परिचारिका मला मागून घेऊन गेल्या. त्यांना सगळे मोठ्या ताई म्हणायचे. टायरच्या दुकानावर त्यांनी एक खोली मिळवली होती. ज्यांच्याकडे विमा नाही अशांसाठी दर रविवारी तिथे डॉक्टर येत आणि आपला वेळ दान करत. चौघांनी धापा टाकत मला वर चढवलं. "आता कंबर कस, बाई," मला पुसता पुसता मोठ्या ताई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, इथे रिकामटेकडे लोक येतील. आले ते दिवसभर राबणारे आईबाप. सरकारी मदत मागावी तर मिळकत जास्त, विमा काढावा तर कमी. धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत.

एका रविवारी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी एक आई आली. गाल टम्म सुजलेला. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. आई दारातच अडली.

"मला फुकटचं नको. हिचे दात तेवढे बघा."

"फुकट कुठे?" मोठ्या ताई म्हणाल्या. "या डॉक्टरीणबाईंनी आपली रविवारची सुट्टी दिली, तुम्ही दाढ द्या. फिट्टंफाट!"

तरी आई हलेना. तेव्हा मुलगीच बोलली, "आई आठ दिवस चहात बुडवलेला पाव खातेय. उशीत तोंड खुपसून रडते. तिला वाटतं, मला कळत नाही."

आई माझ्यावर येऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पू गळ्याकडे चाललाय. दाढ आजच काढायला हवी. उशीर केलात तर जिवावर बेतेल."

भुलीचं इंजेक्शन दिलं. गाल बधिर होतो न होतो, तोच इमारतीचा व्यवस्थापक हातात कुलूप घेऊन वर आला.

"जिन्यावर ही गर्दी! लोकांच्या तक्रारी आहेत. खोली आत्ताच्या आत्ता रिकामी करा. आणि या मोडक्या खुर्चीला दवाखाना म्हणता? उठा हो बाई!"

"एवढी दाढ निघू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एक मिनिटसुद्धा नाही."

आईने माझे दोन्ही हात घट्ट धरले. जीभ जड झाली होती, तरी ती ओरडली, "नाई उथनाल!"

कुणीही हसलं नाही. व्यवस्थापकाने मला ढकलून पाहिलं. मी जागची तसूभरही हलले नाही. मग जिन्यावरून एक टॅक्सीवाला बाप म्हणाला, "साहेब, कुलूप लावायचं तर आमच्यासकट लावा." आणि तो पायरीवर बसला. त्याच्यामागे सगळी रांग बसली. साहेबांना उतरायलाही वाट उरली नाही.

शेवटी कुलूप खिशात गेलं. "पुढच्या रविवारपासून मागच्या जिन्याने यायचं," तो गुरगुरला आणि अंग चोरत, एकेका पायरीवर "जरा सरका" म्हणत खाली गेला.

दाढ निघाली. "एवढीशी?" मुलगी म्हणाली. औषध घेऊन आई तिसऱ्या दिवशी शिलाई यंत्रावर परत बसली.

खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. मला मात्र त्या बाईचा अभिमान वाटतो.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तर अडगळ म्हणून देऊ नका, उपयोगी पडेल असं द्या. आणि दिवसभर राबणाऱ्या आईला एका दाढेसाठी एवढं भांडावं का लागतं, हे मोठ्या माणसांना विचारा. ते म्हणतील, "तुला काय कळतंय त्यातलं?"

तरी विचारा.