पडद्यावरचे बाबा

त्र्यंबकरावांनी रुमाल तोंडावर धरला आणि त्याच्याआड एक भलीमोठी जांभई दिली. शेजारी बसलेल्या सुनेने, देवयानीने, हळूच त्यांचा हात दाबला.

"बाबा, बाहेर जाऊ या का थोडा वेळ?"

"नको, नको. बरा आहे मी."

तिला वाटलं, ते रडताहेत. आता तिला काय सांगणार, कप्पाळ!

पडद्यावर एक म्हातारा खिडकीशी बसून होता. कधीचा बसला होता! मागे पलंगावर त्याची आजारी बायको. म्हातारा तिच्याशी अवाक्षर बोलत नव्हता, नळ तेवढा ठिबकत होता. या ठिबकण्याला परदेशात बक्षीस मिळालं होतं. पेपरवाल्यांनी 'मौनाचं महाकाव्य' वगैरे लिहिलं होतं, आणि आज नौपाड्यातलं सभागृह गच्च भरलं होतं. सिनेमा त्यांच्या अनिमेषने, एकुलत्या एका मुलाने केलेला. म्हातारा म्हणजे ते स्वतः आणि पलंगावरची ती मंदाकिनी, दोन वर्षांपूर्वी गेलेली.

मौन कसलं डोंबलाचं! बडबडून डोकं खायचे ते तिचं. लग्नापासून दोघांची खोडच होती, नावाजलेला सिनेमा बघायचा आणि चालत घरी येईपर्यंत त्याची पिसं काढायची. "लोक उगाच डोक्यावर घेतात, नाही हो?" ती म्हणायची. अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी ते सगळे सिनेमे पलंगाशी उभं राहून, नकला करकरून तिला पुन्हा दाखवले. हसता हसता तिला ठसका लागायचा.

"पुरे हो, मारताय का मला?"

अनिमेष तेव्हा शूटिंगच्या मागे. दुपारचा कधीतरी धावत यायचा. त्या वेळी तिचा डोळा लागलेला असायचा, आणि तिची झोप मोडू नये म्हणून हे खिडकीशी गप्प बसलेले. पोराने पाहिलं तेच दाखवलं. त्याला तरी काय बोल लावायचा?

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. अनिमेष माईक घेऊन थेट त्यांच्या खुर्चीपाशी आला.

"बाबा, कसा वाटला?"

अरे, मी बोलायचो रे तिच्याशी! अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा! शब्द ओठांपर्यंत आले होते. पण पोराचा चेहरा लहानपणी चित्र काढून दाखवायला आणायचा तेव्हासारखा झाला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. अनिमेषने पुढे धरलेला माईक तसाच राहिला.

मागे कुणीतरी हुंदका दिला. मग पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या.

अनिमेषने वाकून नमस्कार केला. त्याचे डोळे भरले होते.

"तुम्ही असेच होतात बाबा. आईजवळ बसायचात तेव्हाही."

देवयानी पाहुण्यांबरोबर मागे थांबली. बापलेक चालतच घरी निघाले. कोपरा आला, औषधांचं दुकान गेलं. त्र्यंबकरावांनी दोनदा घसा खाकरला. पण बाबांना शांतता हवी असणार म्हणून अनिमेष घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.