मंद पिळाची रायफल

"शंभराच्या खाली हरणावर झाडायचं नाही," रेनोकाका म्हणाला आणि वेलचीच्या पावाचा मोठा तुकडा कॉफीत बुडवून तोंडात कोंबला. आमच्या घरात रेनोकाकाचं तोंड भरलं की विषय संपला असं समजतात.

मी तसं समजले नाही. या वर्षी मी बरंच काही तसं समजायचं सोडून दिलंय.

शंभर म्हणजे गोळीचं वजन. ते ग्रेनमध्ये मोजतात आणि शंभर ग्रेन म्हणजे जेमतेम एका नाण्याचं वजन. माझी रायफल बारीक नळीची, सहा मिलिमीटरची. मूळची साइमाआजीची, म्हणजे आजोबांच्या बहिणीची. आजोबांना आम्ही सगळे उक्की म्हणतो. साइमाआजीनं त्या रायफलीनं उभ्या आयुष्यात एकही हरीण मारलं नाही. बटाट्याच्या शेतात बिळं करणारे वूडचक, म्हणजे मांजराएवढ्या लठ्ठ घुशीच, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून टिपायची आणि पुन्हा भांडी घासायला लागायची. वसंतात ती गेली आणि रायफल माझ्याकडे आली. खांद्याला लावली आणि वाटलं, ही माझ्याच मापानं बेतलीय!

गेल्या वर्षी मी बाबांची मोठी रायफल घेऊन गेले होते. तिच्या धक्क्यानं खांदा निळा पडायचा, म्हणून चाप ओढताना माझे डोळे आपोआप मिटायचे. हरीण सुटलं. आमच्या शिकारीच्या झोपडीतला रिवाजच आहे, नेम चुकला की शर्टाच्या पाठीचा खालचा तुकडा कात्रीनं कापतात आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. माझ्या निळ्या चौकड्यांचा तुकडा तिथे अजून लोंबतोय. त्याचं मला इतकं वाटलं नाही. पण उक्कीनं नंतर शांतपणे सांगितलं, "हेल्मी, पुढच्या वर्षी आधी कागदावर नेम मारून दाखव. नाही जमलं तर झोपडीत बसून सलगम सोल."

तर प्रश्न हा होता. शिकारी की सलगम.

खडीच्या खाणीत आम्ही कागद लावला. उक्की काडतुसं घरीच भरतो, आणि रेनोकाकाच्या हट्टामुळे त्यानं शंभराच्याच गोळ्या भरून आणल्या होत्या. मी मारल्या. भोकं अशी पडली, जणू कुणी लांबून चिखल उडवलाय.

"पुन्हा डोळे मिटतेस," काका म्हणाला.

"नाही मिटत."

"अगं, कागद बघ ना! आंधळ्यानं शिंपडल्यासारखं झालंय."

"मग तू मार."

त्यानं मारल्या. माझ्याहून वाईट! मी हसू दाबायचा फारसा प्रयत्न केला नाही.

"रायफलीवरची दुर्बीण सैल झालीय," काका म्हणाला.

उक्कीनं स्क्रू तपासले. "घट्ट आहे."

"मग थंडीनं हात आखडले."

"थंडी आम्हालाही आहे, रेनो."

मी कागद काढून आभाळासमोर धरला. काही भोकं गोल होती, पण एक चक्क लांबट होतं, पाण्यात मासा आडवा असावा तसं. मी त्यात बोट घातलं आणि मग उमगलं. गोळी टोकानं शिरलीच नव्हती, कुशीवर आडवी होऊन शिरली होती. हा डोळ्यांचा दोष नव्हता, माझ्याही नाही आणि काकाच्याही.

परतताना गाडीत मी म्हटलं, "हलकी गोळी घेऊन बघू या."

काका खिडकीकडे वळला. मग काचेबाहेर बघत म्हणाला, "मी तुझ्याएवढा असताना हलकी घेतली होती. दुकानात तेवढीच होती. हरणाच्या खांद्यावर मारली आणि ती तिथेच फुटली, वरच्यावर. आत गेलीच नाही. रक्त दिसलं, हरीण दिसेना. दलदलीत कमरेपर्यंत उतरून शोधलं. मला सापडलं नाही गं ते." नाक ओढून तो पुढे म्हणाला, "म्हणून शंभर."

तोवर मला वाटायचं, काका नुसता अडेल आहे. त्या आकड्याच्या आत एक जखमी हरीण होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पण आडवं भोकही खोटं नव्हतं.

रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेले आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी गरगर फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. आमच्याकडचा लांबुळका फुटबॉल फिरवून फेकला तर सुरीसारखा जातो, नुसता फेकला तर कोंबडीसारखा फडफडतो, तसंच. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल रिकामी करून ठेवली, साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, गजावर चिकटपट्टीचं निशाण उभं केलं आणि हळूहळू आत ढकलत गेले. आटे गजाला फिरवतात. निशाण पूर्ण गोल फिरून पुन्हा वर येईपर्यंत गज फूटभर आत गेला होता. रेनोकाकाकडे सहा मिलिमीटरचीच एक अलीकडची रायफल आहे, तिच्यात शंभराची गोळी छान चालते. तीही मोजली. तिथे फूट भरायच्या बऱ्याच आधी फेरा पुरा!

"साइमाआजीच्या नळीचा पीळ मंद आहे," मी ओरडलेच. "वूडचकसाठी केलेली रायफल ना! आखूड गोळी फिरवायला एवढा पुरतो, लांब गोळीला नाही."

"मी वजनाबद्दल बोलतोय, तू लांबीबद्दल," काका म्हणाला.

"अरे, जाडी दोन्ही गोळ्यांची तीच! वजन वाढलं तर गोळी वाढणार कुठे? लांबीतच ना?"

उक्की पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं नाही, एवढ्यावरून कळलं की तो ऐकतोय.

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर कांगसबाईंच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेले.

"हरणासाठी? मग ही घे," बाई म्हणाल्या. "अख्खी तांब्याची, ऐंशीची. तुकडे व्हायचं नावच नाही."

मी ती शंभराच्या गोळीशेजारी काउंटरवर उभी केली. उंची जवळजवळ सारखी. "तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून लांबी वाढते. माझ्या नळीत ही नाही चालायची."

"अगं, पण वजन किती कमी आहे!"

"वजन नाही हो, लांबी."

"बरं, मग ही बुटकी?"

"ती वूडचकची. कवच पातळ. हरणाच्या बरगडीवरच फुटेल." हे म्हणताना मला काकाचा काचेकडे वळलेला चेहरा आठवला आणि आवाज खाली आला.

बाईंनी उक्कीकडे बघितलं. "ही पोरगी लग्नाचा नवरासुद्धा अशीच निवडणार. बुटका हवा, पण टणक हवा!"

"आणि कमी बोलणारा," उक्की म्हणाला.

बाई हसत मागे गेल्या आणि एक धुळकट डबी घेऊन आल्या. पंच्याऐंशीची. आत शिसं, वरून तांब्याचं जाड कवच आणि मधोमध तांब्याचीच आडवी भिंत. पुढचा अर्धा भाग लागल्यावर उमलतो, भिंतीमागचा अर्धा तसाच घुसत राहतो. मी शंभराच्या शेजारी उभी केली. चांगली बुटकी! मला काउंटरवर चढून नाचावंसं वाटलं, पण बाईंचं मांजर तिथे झोपलं होतं.

खाणीत पुन्हा कागद लागला. या वेळी भोकं गोल पडली, सगळी माझ्या तळव्याखाली झाकली जातील एवढ्यात. उक्कीनं कागद घडी करून खिशात टाकला. माझी सलगमं सुटली!

"कागदाला हाड नसतं, हेल्मी," रेनोकाका म्हणाला. चिडून नाही, जपून म्हणाला.

"म्हणून ती हाड सोडून मारेल," उक्की म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "हरीण पूर्ण आडवं उभं असेल तर, खांद्याच्या मागे. तोंड आपल्याकडे असेल, तिरकं असेल, तर नाही. मग ते कितीही मोठं असो. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. खाणीत उभं राहून कबूल करणं किती सोपं!

हंगामाच्या पहिल्या सकाळी सीडरच्या झाडांच्या दलदलीच्या कडेला, फळ्यांच्या खोपटात, मी आणि उक्की शेजारी शेजारी बसलो होतो. बर्फावर उजेड निळसर होता. तो आला तेव्हा आवाज झालाच नाही. आधी फांद्या होत्या, मग त्यातल्या काही फांद्या शिंगं निघाल्या. एवढी शिंगं मी जिवंत हरणाच्या डोक्यावर कधी पाहिली नव्हती.

तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

दुर्बिणीत त्याची छाती मावत नव्हती. जवळ होता, स्थिर होता. माझ्या डोक्यात लगेच वकील बोलायला लागला. एवढ्या जवळून काय होतंय, भिंत आहे ना गोळीत, मध्यभागी मारलं तर बसेलच की. मी किती हुशार होते हे सिद्ध करायला हा नर स्वतःहून चालत आला होता! आणि समोरून मध्ये काय काय असतं तेही मला माहीत होतं. छातीचं जाड हाड, खांद्याचे सांधे, मग सगळ्या पोटाची लांबी. मी ती गोळी निवडली होती म्हणूनच तिला काय झेपणार नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी बोट चापावरून काढलं. उक्की माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. हरणानं पाय आपटला, नाकातून वाफ सोडली. आता उडी मारून जाणार, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन पावलं मागे सरकून ते वळलं, आणि दलदलीत शिरण्याआधी एक श्वासभर आडवं उभं राहिलं.

चाप ओढताना माझे डोळे उघडे होते. नळीच्या तोंडाशी ठिणगी दिसली, हे मला आठवतंय.

हरीण उसळलं आणि सीडरमध्ये नाहीसं झालं.

"चुकलं?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"थांबायचं," उक्की म्हणाला आणि थर्मासमधून कॉफी ओतायला लागला. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर घाबरून लांब पळतं, म्हणून थांबतात. मला सगळं माहीत होतं आणि तरी ते थांबणं म्हणजे शिक्षा होती. गज, चिकटपट्टी, काउंटरवर उभ्या केलेल्या गोळ्या, सगळं मला पोरखेळ वाटायला लागलं. दलदलीत कमरेपर्यंत उतरलेला, माझ्याएवढा रेनोकाका दिसत राहिला.

मग आम्ही उठलो. बर्फावर आधी काहीच नव्हतं. पुढे फेसाळ, लाल. मग दोन्ही बाजूंना लाल. ते पहिल्याच मोठ्या सीडरखाली पडलं होतं, मान अशी टाकून, जणू झोपलंय. मी काडीनं डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मी ओरडेन, उड्या मारेन असं मला वाटलं होतं. मी हातमोजा काढला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. ऊब अजून होती. मी त्याला हळूच काहीतरी म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

पोट फाडून आतडी काढायला उक्कीनं सुरी माझ्याच हातात दिली. गोळी बरगड्यांमधून शिरून, दोन्ही फुप्फुसं फाडून पलीकडून निघून गेली होती. तेवढ्यात गोळीचा आवाज ऐकून रेनोकाका धापा टाकत आला. त्यानं आधी हरीण पाहिलं, मग गुडघ्यावर बसून गोळी बाहेर पडल्याचं भोक, आणि त्यात अंगठा घातला.

"पंच्याऐंशी?"

"पंच्याऐंशी."

"आरपार!" त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "अगं, मग ही तर कशातूनही जाईल! पुढच्या वेळी खांद्यावरच घाल, जागच्या जागी कोसळेल."

"नाही, काका."

"का? आत्ता तर बघितलंस!"

"आत्ता ते आडवं होतं. आधी बराच वेळ ते माझ्याकडे तोंड करून उभं होतं, तेव्हा मी नाही मारलं. तसंच गेलं असतं तर जाऊ दिलं असतं."

काकानं उक्कीकडे बघितलं. उक्कीनं होकाराची मान हलवली.

"ही शिंगं समोर असताना?" काकानं विचारलं.

"हो."

तो उठला, गुडघ्यावरचं बर्फ झटकलं आणि दोरीचं एक टोक उचलून मला म्हणाला, "चल, ओढू या. जड आहे."

"तू रायफली धर," मी दोरी त्याच्या हातातून घेत म्हटलं. "हे माझं मी ओढणार."