लीलाराम शेठचा पुट

ये, बस इथं, पाय वर घेऊन बस. मी दुबईला गेलो त्याची गोष्ट तुला सांगतो. पण मध्ये हसू नको, मलाच ती अजून धड कळलेली नाही.

शहाऐंशी साल. मी अंबरनाथवरनं उल्हासनगरला लीलाराम शेठच्या कापडदुकानात जायचो. तागे मोजायचे, कापड फाडायचं, गठ्ठे उचलायचे. दुबईत नोकरी पाहिजे म्हटल्यावर शेठनं तिथल्या ठाकुरदास म्हणून व्यापाऱ्याला चिठ्ठी दिली. सिंधीत, उजवीकडनं डावीकडं. मला काय घंटा कळतंय! शेठ म्हणाला, "भीमराव, ये दिखा. काम हो गया समज."

दुबईत ठाकुरदासनं ती वाचली नि उठून मला मिठीच मारली की! घरी नेलं. बायको दालपकवान वाढतेय, वाढतेय, थांबेचना.

"सेठ, काम?"

"काम क्या? तू खा!"

सकाळी दुकानात एक गठ्ठा उचलला, तर तो नोकरावरच ओरडला, "अंधा है क्या? इसको उठाने दिया?"

च्यायला, मी कामाला आलोय का लग्नाला? इकडं व्हिसा संपत आलेला. नोकरी लागली नाही तर तसंच परत. घरी बायकोला, चांगुणाला काय सांगू, जेवून आलो?

शेवटी एका रात्री त्याच्या घरी विचारलंच, "सेठ, चिठ्ठी में लिखा क्या है?"

त्यानं वाचलं, "हीउ मुंहिंजो पुट आहे."

'आहे' तर आपलंच. आणि मुंहिंजो पुट म्हणजे माझा मुलगा, एवढं दुकानात ऐकून माहीत. मी कपाळावर हात मारला. "अहो सेठ, वो तो हमाल को भी पुट बोलते हैं! मैं भीमराव, अंबरनाथ का!"

"लीलाराम को औलाद नहीं. हमको लगा, गोद लिया." बिचारा मटकन खाली बसला. "देख, तू पुट नहीं, तो चिठ्ठी झूठी. झूठी चिठ्ठी पे नौकरी कैसे दूँ? और पुट है, तो लीलाराम के लड़के से गठ्ठे उठवाऊँ?"

मला दोन्ही बरोबरच वाटलं.

आतनं त्याची बायको ओरडली, "सेठ का लड़का दुकान में कहाँ बैठता है? गल्ले पे! तो बिठाओ ना!"

झालं. तागे फाडणारा मी, गल्ल्यावर.

सुट्टीवर आलो तेव्हा पहिला उल्हासनगरला गेलो, शेठला विचारायला. तर शेठ मला म्हणतो, "आ गया पुट?" आणि त्याच दमात हमालाला, "पुट, दो चाय बोल." मी काही न विचारता चहा पिऊन निघालो. पुढं शेठ वारला.

तुझी बायको सिंधी आहे ना? तिला जरा विचार बाबा. बोलताना सगळेच पुट, ते ठीक. पण कागदावर, खाली सही करून, परक्याच्या पोराला तसं लिहितात का?