काळी दोन

माझ्या स्टुडिओला खिडकी नाही. कुंदापुरातल्या बसस्टँडचा गोंगाट नको म्हणून मीच ती बुजवून घेतली, आणि गेले चार दिवस त्या खोलीत मी, शीनप्पा भागवत आणि त्यांच्या पत्नी कमलक्का कोंडून बसलोय. चाळीस वर्षं यक्षगानाच्या मेळात रात्र रात्र गायलेल्या भागवतांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांचं शेवटचं गाणं मी कॅमेऱ्यात घेतलं होतं, आवाज मात्र वेगळ्या यंत्रावर. दोन्ही जोडून एक फाइल करायची, एवढंच काम.

पण जोडलं की पहिल्या पदातच आवाज पुढे पळे आणि पडद्यावर भागवतांचं तोंड मागून हलत राही. मी आवाज ताणून तोंडाशी बसवला. भागवतांनी मांडीवरची श्रुतिपेटी वाजवली, मान हलवली आणि लिहिलं, ‘माझी पट्टी काळी दोन. हा मी नव्हे.’

खरंच, ताणलेला आवाज पांढरी दोनकडे घसरला होता. तोंड धरावं तर गळा सुटतो, गळा धरावा तर तोंड. चार दिवस मी त्याच चिमट्यात.

"एवढं कुणाला कळणार आहे, अक्का?" मी वैतागले.

"त्यांना कळतं ना. दुसरं काय उरलंय त्यांच्याजवळ?" कमलक्का म्हणाल्या. "आणि माझी कॉफी ढोसताना बरी कंटाळत नाहीस ती."

मी रागाने आवाज बंद केला आणि नुसतं चित्र लावलं, गाणाऱ्या भागवतांपुढे मेळातला मंजय्य नाचतो तिथलं. भागवत त्या नाचासोबत मेजावर बोटांनी ताल धरू लागले. दोनदा अडखळले. मग पाटी माझ्या नाकासमोर आली. ‘मंजय्य इतका आळशी नाचत नाही.’

मी चित्राचा वेग तपासला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीस चित्रं घेतली होती आणि मी ती चोवीसच्या हिशेबाने चालवत होते. रेंगाळत होतं ते चित्र, आणि मी छळत होते आवाजाला.

वेग पंचवीसचा केला, मूळ आवाज जोडला. पडद्यावर भागवत गाऊ लागले. तोंड जुळलं, काळी दोन जुळली. मी अक्कांकडे वळले, तर त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. खुर्चीत बसलेल्या भागवतांचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द, तसूभरही मागेपुढे नाही.

"बघ," अक्का हळूच म्हणाल्या, "गातायत."