दाराबाहेर राहिलेली काठी

आज सकाळपासून वारा पडलाय. गास गावातल्या आमच्या वाडीत केळीचं पान हलत नाही, विहिरीजवळच्या सावलीतही अंग चिकचिकतं. अशा दिवशी माणसं ओटीवर बसून राहतात. मीही खांबाला टेकून आहे. मी फ्रेडरिकची काठी. बोलायला मला कधी सवड मिळाली नाही. आज मिळालीय, म्हणून बोलते.

मी याच वाडीतल्या पेरूची फांदी. फ्रेडरिकच्या बापानं मला तोडलं, साल काढली, चुलीच्या धगीवर फिरवून सरळ केलं, खोबरेल पाजलं. म्हातारा मला घेऊन दर रविवारी चर्चला जायचा, पण पायरीपर्यंतच. मिस्सा संपेस्तोवर मी दाराशी. मोठ्यांसमोर काठी टेकत जायचं नाही, ही त्या घरची रीत.

म्हातारा गेला आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. फ्रेडरिक वालीवला पत्र्याच्या कारखान्यात होता. तिथं एकदा पत्र्यांची थप्पी त्याच्या कमरेवर आली. ऑपरेशन झालं, पण डावा पाय काही पुन्हा त्याचा झाला नाही. त्याच्या बायकोनं, लूर्डसनं, मला खाली काढून पुसलं.

तेव्हापासून त्याचा अर्धा भार माझ्यावर. उठताना तो कण्हतो ते मला ऐकू येतं. लूर्डसला तो ऐकू देत नाही.

कारखान्यात बसून करायचं काम नाही म्हणाले. पेन्शन मिळेल, पण डॉक्टरांच्या बोर्डानं सांगायला हवं, की हा माणूस आता काम करू शकत नाही. घराची चूल तेवढ्या एका शब्दावर अडली होती.

काल ते बोर्ड होतं. फ्रेडरिकनं इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. दवाखान्यात बोर्डाच्या खोलीच्या दाराशी लूर्डस म्हणाली, "काठी घेऊन जा आत."

"अगं, डॉक्टर बसलेत. बाबा मिस्साला न्यायचे का आत?"

मला भिंतीला टेकवून, दात आवळून, तो सरळ आत गेला. दार अर्धं उघडंच होतं.

"कसं आहे?"

"देवाच्या दयेनं बरं आहे, साहेब."

"दुखतं का?"

"चालायचंच."

"उभं राहता येतं?"

"राहिलोय की."

डॉक्टर वाईट नव्हते. समोर जे उभं होतं, ते त्यांनी पाहिलं. हलकं काम करू शकता, म्हणाले. फ्रेडरिकनं वर त्यांचे आभार मानले. मग बाहेर येऊन त्यानं माझ्यावर असा भार टाकला, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मुठीला तडा गेला.

आता तो तडा सुतळीनं बांधलाय. थकलेय मी. तो माझ्याहून जास्त. आमचं काय, आम्ही काठ्या दाराशी उभ्या राहू. पण बाबांनो, तुमचं दुखणं आमच्यापाशी ठेवून आत जाऊ नका.

मघाशी शेजारची इनेझ आली. पुन्हा बोर्डासमोर जाता येतं, हे ती विचारून आली होती. लूर्डसनं तिला कालचं सगळं सांगितलं. फ्रेडरिक मान खाली घालून बसला होता. इनेझनं मला उचललं, सुतळीवरून बोट फिरवलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"फ्रेडरिक, पुढल्या वेळी हिला आत पाठव आणि तू बस दाराशी. ही तरी खरं सांगेल."